'मोल्सवर्थ' : एका आडनावाचे सामान्यनाम

"सर, मोल्सवर्थ म्हणजे काय?" शेलूहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने वर्गात असे विचारले तेव्हा आम्ही सवयीने उत्तर दिले, "शब्दकोश." उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. कारण विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ विचारला होता आणि आम्ही त्याचा वापर सांगितला होता.

मोल्सवर्थ हे मुळात इंग्लंडमधील एका खेड्याचे नाव. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा. 'मूल' नावाच्या कोणा माणसाचे आवार, असा या ग्रामनामाचा अर्थ सांगितला जातो. कर्जत तालुक्यात पावलोपावली वाड्या आहेत, त्या धर्तीवर 'मूलवाडी' म्हणता येईल. गावाचे आडनाव झाले आणि ते धारण करणारा ईस्ट इंडिया कंपनीचा एक लष्करी अधिकारी, जेम्स थॉमस मोल्सवर्थ, मराठीच्या अभ्यासात शिरला. जॉर्ज आणि थॉमस कँडी यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४० हजार शब्दांचा हा कोश १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ६० हजारांवर गेला.

पुढे मराठीने या आडनावाचे काय केले, हे व्याकरणच सांगते. 'मोल्सवर्थने लिहिले' यात माणूस आहे. 'मोल्सवर्थात पाहा' यात ग्रंथ आहे. 'घरात', 'कपाटात' म्हणावे तसे आपण 'मोल्सवर्थात' म्हणतो. परके विशेषनाम सामान्यरूप घेऊ लागले की ते भाषेच्या घरचे झाले, असे समजण्यास हरकत नाही. 'दाते-कर्वे' हे जोडनावही असेच ग्रंथवाचक झाले आहे.

या घरोब्याचे आम्हांला कौतुक आहे. आक्षेप आहे तो त्यातून येणाऱ्या विस्मरणाला. मोल्सवर्थच्या कोशाआधी दोनच वर्षे, १८२९ साली, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्रीमंडळींचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला होता. मोल्सवर्थच्या कामामागेही शास्त्र्यांचे परिश्रम होते. परंतु 'क्रमवंतात पाहा' असे कोणी म्हणत नाही. साहेबाचे आडनाव सामान्यनाम झाले. शास्त्र्यांची आडनावे कोशवाङ्मयाच्या इतिहासापुरती उरली. साहेबाचे श्रम यामुळे कमी ठरत नाहीत. इंग्लंडला परतलेला हा माणूस कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा इकडे आला आणि वर्षानुवर्षे खपला. तरीही एका नावाच्या उच्चाराने अनेकांचे ऋण फिटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'मोल्सवर्थात नाही, म्हणजे शब्द मराठी नाही' असा निवाडा वर्गातून ऐकू येतो, आणि तो क्वचित आम्हीही दिलेला आहे. ज्या कोशकाराने २६ वर्षांत सुमारे २० हजार शब्दांची भर घातली, ग्राम्य म्हणून हिणवलेले शब्द टाळले नाहीत, त्याच्याच नावाने मराठीला कुंपण घालायचे, हा कोशावर अन्याय आहे.

त्या दिवशी आम्ही वर्गात 'राब' हा शब्द काढला. शहरातल्या मुलांना तो 'राबणे'चा तुकडा वाटला. शेलूच्या मुलाने मात्र सांगितले की भाताचे बी पेरण्याआधी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजतात, तो राब. कोशात तेच निघाले. शब्द त्याच्या घरचा, नोंद साहेबाची! उद्या ठाकरवाडीतला किंवा कातकरी मुलाचा एखादा शब्द कोशात सापडला नाही, तर खोडून टाकण्याऐवजी तो अर्थासह टिपून ठेवावा, असे आम्ही ठरवले आहे. १८५७ ची आवृत्ती अशाच टिपणांतून वाढली असणार. मोल्सवर्थ म्हणजे काय, याचे उत्तर आता आम्ही 'शब्दकोश' एवढ्यावर थांबवत नाही.