ऑर्केस्ट्रातली भगिनी आणि तिचे चार प्रश्न



इन्स्टिट्यूटचा ऑर्केस्ट्रा ही आपल्या रेल्वे कॉलनीची शान. भुसावळ, सोलापूर असो, नाहीतर हुबळी, सिकंदराबाद, बडोद्याकडची आपली मराठी मंडळी असोत. गणेशोत्सव आला, आंतररेल्वे सांस्कृतिक स्पर्धा आली, की शिफ्ट सांभाळून तालमी सुरू होतात. टपाल खात्यातल्या रिक्रिएशन क्लबांचेही चित्र वेगळे नाही. परंतु वाजवणारे आणि गाणारे बहुतेक पुरुषच. युगुलगीत आले की बाहेरून पैसे मोजून गायिका आणायची. आपल्याच बुकिंग ऑफिसात आणि सॉर्टिंग हॉलमध्ये गोड गळ्याच्या भगिनी बसलेल्या आहेत. त्यांना विचारले तर "बघते" म्हणतात आणि तालमीला येत नाहीत. त्या का येत नाहीत, याचा विचार युनियनच्या कार्यकर्त्यांनी केला पाहिजे असे माझे मत आहे.

आमच्या विभागातल्या एका बुकिंग क्लार्क भगिनीने होकार देण्याआधी ऑर्केस्ट्राप्रमुखाला चार प्रश्न विचारले. तालीम किती वाजता संपणार? माझ्याशिवाय दुसरी बाई कोण? बाहेरगावी मुक्काम कुठे? रात्री घरी कोण सोडणार? झाले, मंडळी रुसली. "आम्ही काय गुंड आहोत? वीस वर्षे एकत्र वाजवतोय, घरच्यासारखे आहोत." माझ्याकडे तक्रार आली ती तिच्याविरुद्ध! मी त्यांना एवढेच विचारले, की लाईन क्लिअर घेतल्याशिवाय गाडी सोडता का? आणि ती मागितली म्हणून पुढच्या स्टेशनचा मास्तर कधी रागावला आहे का? वीस वर्षे घरच्यासारखे आहात ते एकमेकांना. तिची आणि तुमची ओळख चार दिवसांची.

आता धोका कुठे असतो ते उघड बोलू. आपल्याला वाटते, दारू पिऊन कोणी हात धरला तरच प्रकरण. दारूचा प्रश्न आहेच. बऱ्याच इन्स्टिट्यूटमध्ये तालमीची खोली पत्त्यांच्या अड्ड्याला लागून असते आणि बाईमाणसासाठी धड संडास नसतो. पण खरी मेख गाणी वाटण्यात आहे. कोणते गाणे कोणाला, सोलो कोणाला, स्पर्धेला कोण जाणार, हे एकच माणूस ठरवतो. ज्याच्या हातात रोस्टर त्याच्या हातात माणूस, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. साहेबाचे ऐकले नाही की नाइट ड्यूट्या लागतात, तसेच इथे चहाला नाही म्हटले की गाणे कापले जाते. अंगाला बोट न लावता माणूस छळता येतो, आणि वर "तिचा सूर लागत नव्हता" म्हणायला मोकळे.

दुसरी गोष्ट मोबाईलची. ग्रुपवर तालमीची वेळ कळवणे ठीक. रात्री अकराला एकटीला "आज तू फार छान दिसत होतीस" असा मेसेज येतो, तेव्हा ती काय करणार? उत्तर दिले तर वाढते, न दिले तर उद्या त्याच माणसाच्या ढोलकीवर गायचे आहे. हे पुरुषांना किरकोळ वाटते. ज्याला वाटते त्याने आपल्या मुलीला विचारून पाहावे.

आणि तिसरी, परतीचा टेम्पो. कार्यक्रम बाराला संपतो, सामान भरेपर्यंत एक. कॉलनीतले सगळे उतरून जातात, आणि लांब राहणारी ती एकटी ड्रायव्हरबरोबर शेवटपर्यंत. कोणाचा वाईट हेतू नसतो. वळसा पडतो, डिझेल जळते, एवढेच.

हे केवळ आपल्याकडचे नाही. केरळ सरकारने २०१७ साली निवृत्त न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली मल्याळी चित्रपटसृष्टीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला आणि जनतेला वाचायला मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये! बाहेरगावच्या मुक्कामात रात्री खोलीची दारे ठोठावली जातात, म्हणून नट्या आईबापांना बरोबर नेतात, असे त्यात नोंदलेले आहे. नावाजलेल्या कलावंतांची ही कथा, तर आपल्या क्लार्क भगिनीने मुक्कामाचे विचारले यात नवल काय?

कायदा आहे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ साली, तो आला. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष महिलाच, निम्म्या तरी सदस्य महिला. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. कामाच्या निमित्ताने गेलेले ठिकाण आणि मालकाने दिलेले वाहन हेही कायद्याने कामाचे ठिकाण धरले आहे. खेळाची स्पर्धा आणि स्टेडियमही त्यात नाव घेऊन लिहिले आहे. गाण्याच्या तालमीचे नाव मात्र नाही. उद्या कोणी म्हणेल, ऑर्केस्ट्रा हौशी, तिथे कसली समिती? माझे म्हणणे साफ आहे: स्पेशल कॅज्युअल लीव्ह खात्याची, पास खात्याचा, पैसा स्टाफ बेनिफिट फंडाचा, मग जबाबदारी तेवढी हौशी कशी? आणि बाहेरून आणलेल्या गायिकेलाही वाऱ्यावर सोडू नका. तिच्या पार्टीत दहा माणसे नसली तर जिल्ह्याची स्थानिक समिती तिची तक्रार घेते, हे तिला सांगणारा कोणीतरी हवा.

काही जण म्हणतात, नसती झंझट, बायकांना घेऊच नका. हे मला सर्वांत वाईट वाटते. पुरुषाने नीट वागायचे नाही, म्हणून बाईने गायचे नाही, हा कुठला न्याय? भावाला नाहीतर नवऱ्याला बरोबर आणायची अट घालणारेही आहेत. तिला आणावेसे वाटले तर जरूर आणावे, पण ती अट होऊ शकत नाही. आपण वाजवायला जाताना भावाला नेतो का?

आमच्याकडे मंडळी महिनाभर कुरकुरली, मग ठरले. तालीम साडेआठला बंद, खोलीचे दार उघडे. गाणी प्रमुख एकटा वाटणार नाही. तिघे वाटतील, त्यात एक महिला. निरोप फक्त ग्रुपवर. अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचे नाव आणि नंबर इन्स्टिट्यूटच्या फळ्यावर. टेम्पोतून शेवटी उतरणार तो पुरुष, मग कितीही वळसा पडो. आणि एकटी बाई घ्यायची नाही, किमान दोघी. दुसरी पोस्टातून मिळाली, हेड ऑफिसच्या काउंटरवर असते, तिचा आवाज पहिलीपेक्षाही मोकळा आहे. डिझेलचा वाढीव खर्च आणि महिलांच्या संडासाची दुरुस्ती यासाठी आम्ही फंडाकडे अर्ज दिला आहे. दोन स्मरणपत्रे झाली, मंजुरी अजून आलेली नाही.