आसरा दिला, पण सही कशावर घेतली?



'द ब्लाइंड साइड' हा 2009 चा इंग्रजी सिनेमा तुमच्यापैकी काहीजणींनी मुला-नातवंडांबरोबर पाहिला असेल. मायकेल ओहर, मेम्फिस शहरातला, बारा भावंडांतला एक. आई व्यसनात बुडालेली, वडील कायम तुरुंगात जाऊन-येऊन. लहानपण सरकारनं नेमलेल्या परक्या घरांत, तिथून पळून जाण्यात गेलं. पुढे एक श्रीमंत कुटुंब त्याला घरी ठेवून घेतं आणि तो अमेरिकन फुटबॉलच्या जोरावर मिसिसिपी विद्यापीठात पोचतो. त्या घरच्या आईचं काम करणाऱ्या सँड्रा बुलकला ऑस्कर मिळालं. आपण डोळे पुसले.

पुढचं सिनेमात नाही. 2023 मध्ये ओहर कोर्टात गेला. मला दत्तक घेतलंय असं समजत होतो, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात 2004 मध्ये, तो अठरा वर्षांचा झाल्यावर, त्याच्या व्यवहारांचा अधिकार त्या दांपत्याला देणारा कागद झाला होता. (कॉमर्स शिकलेली बाई आधी कागद बघते!) कुटुंब म्हणतं, आमचं प्रेम खरं होतं, त्याचा पैसा आम्ही लाटला नाही. असेलही. पण धडधाकट माणसावर असा अधिकार दिलेला आपण कधी पाहिला नाही, असं म्हणून न्यायाधीशबाईंनी तो त्याच वर्षी संपवला.

मला जास्त लागलं ते दुसरंच. सिनेमात तो मंदबुद्धी दिसतो, खेळसुद्धा त्याला घरचे शिकवतात. खेळ मला आधीपासून कळत होता, हे त्याला 2011 मध्ये स्वतः पुस्तक लिहून सांगावं लागलं. मेहनत त्याची, कौतुक ठेवून घेणाऱ्यांचं.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाई आपल्याच समाजातल्या. वसतिगृहातली सगळ्या जातींची पोरं जेवावीत म्हणून त्यांनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. आणि आपण? वह्या-फीचं पाकीट देताना मुलाला स्टेजवर बोलावतो, फोटो काढतो, वाकून नमस्कार करायला लावतो. एकदा तर एका खेळाडू मुलीच्या घरची दारू आणि मारहाण माईकवरून सांगितली गेली. ती मुलगी खाली बघत उभी होती.

दशलक्षणात उत्तम त्यागानंतर लगेच दुसऱ्या दिवशी उत्तम आकिंचन्य येतं. 'माझं काही नाही' यात 'मी दिलं'सुद्धा येतं, असं मला वाटतं.

यंदा शिष्यवृत्ती सरळ मुलांच्या बँक खात्यात भरावी, नावं वाचू नयेत, असं मी मंडळात मांडणार आहे. फोटो नाही तर वर्गणी कमी होईल, असं आमच्या खजिनदारताई म्हणतात. किती कमी होते ते बघू.