समानार्थी, पण समान नव्हे

‘आपण कलाशाखेचे, जनुकांशी आपल्याला काय कर्तव्य?’ असे माझे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही.

पिकलेल्या केळ्यावर भिरभिरणारी फळमाशीच घ्या. प्रथिने 20 अमिनो आम्लांची बनतात. पण त्या आम्लांसाठी जनुकांच्या लिपीत तीन-तीन अक्षरांचे 61 शब्द आहेत. त्यांना कोडॉन म्हणतात. एकट्या ल्यूसिनला सहा समानार्थी कोडॉन! मग कोणताही वापरला तर बिघडले कुठे? पण माशीची आवड ठरलेली आहे. ल्यूसिनसाठी तिला सीटीजी हा कोडॉन अधिक पसंत. ज्या प्रथिनांची गरज मोठी, त्यांच्या जनुकांत तर ही आवड अधिकच ठळक दिसते.

कार्लिनी आणि स्टीफन यांचा प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. अल्कोहोल पचवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात त्यांनी ल्यूसिनचे नावडते कोडॉन घातले. प्रथिन तेच राहिले; तयार मात्र कमी झाले.

तहानलेला माणूस ‘उदक’ मागत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असते. तरी परीक्षेत समानार्थी शब्दांच्या जोड्या जुळवून आपण मोकळे होतो! शब्दाची निवड ही नुसती चैन नव्हे, हे मला त्या माशीने पटवले. तेव्हा मित्रहो, ग्रंथालयातल्या विज्ञानाच्या कपाटाकडेही अधूनमधून वळू या.