मान्यतेचा शिक्का आणि लॉटची तपासणी

शेडमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये काम केलेल्या आमच्या बांधवांना ते तीन डबे चांगले ठाऊक आहेत. पहिल्या डब्यातल्या द्रवाने भाग पुसून स्वच्छ करायचा, दुसऱ्यातला लाल द्रव फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, वरवरचा लाल पुसून घ्यायचा आणि मग तिसऱ्या डब्यातली पांढरी भुकटी मारायची. धातूत कुठे केसाएवढी चीर असेल तर तिच्यात शिरून बसलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. रेघ दिसली की तो भाग बाजूला. याला आपण डी. पी. टेस्ट म्हणतो. टेस्ट साधी आहे, पण तिने आजवर किती गाड्या वाचवल्या याचे रजिस्टर कोणी ठेवलेले नाही.

हेच तीन डबे अणुवीज केंद्रातही वापरले जातात. तिथेही वेल्डिंगमधल्या चिरा अशाच शोधतात. मात्र तिथे डबा आत नेण्याआधी डब्यातल्या द्रवाचीच परीक्षा झालेली असावी लागते. अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची जी संहिता जगभर मानली जाते, तिचा नियम असा आहे की द्रव निकेलच्या मिश्रधातूवर वापरायचा असेल तर त्यात गंधक वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको. स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमवर वापरायचा असेल तर क्लोरीन, फ्लोरीन या जातीची द्रव्ये ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नकोत. तेवढ्यावर नियम थांबत नाही. वापरणाऱ्याने कारखानदाराकडून दाखला घ्यायचा, त्या दाखल्यावर बॅच नंबर हवा आणि त्याच बॅचच्या चाचणीचे आकडे हवेत. 'आमचा माल मान्यताप्राप्त आहे' एवढे छापलेला कागद चालत नाही.

आमच्या लेखाचा सगळा रोख या एका बॅच नंबरावर आहे.

टपाल खात्यातल्या आमच्या मित्रांना वाटेल, हे सेक्रेटरी आज भलत्याच विषयाकडे वळले. तर त्यांच्या टेबलावरच्या दोन वस्तू घेऊ. पार्सलवर लावायची चिकटपट्टी आणि पत्ता लिहायचा मार्कर. अणुवीज केंद्रात नळाचे तोंड झाकायला चिकटपट्टी लागते, वेल्डिंगच्या जोडावर खूण करायला मार्कर लागतो. तिथे या दोन्ही वस्तू बाजारातून उचलून आणता येत नाहीत. पट्टीच्या डिंकात क्लोराइड किती, शाईत गंधक किती, शिसे-पारा-जस्तासारखे धातू किती, हे प्रयोगशाळेत तपासून मगच त्या आत जातात. वंगण, सफाईचा द्रव, रबरी वायसर, नळाभोवती गुंडाळायचे उष्णतारोधक वेष्टन, सगळ्यांना हाच न्याय.

एवढ्याशा क्लोराइडला इतके का भ्यायचे? आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. जेवढे समजून घेता आले तेवढे सांगतो. स्टेनलेस स्टीलला सहसा गंज चढत नाही हे खरे. पण तो धातू ताणाखाली असेल, गरम असेल, ओलावा असेल आणि त्यात क्लोराइड असेल, तर वरून चकचकीत दिसणाऱ्या नळाला आतून बारीक फांद्याफांद्यांच्या चिरा जातात. लोखंडी पत्रा गंजतो तेव्हा आधी लाल होऊन, पापुद्रे सोडून ओरडून सांगतो. स्टेनलेसची ही चीर मुकाट्याने वाढते. मार्करची खूण आज केली आणि चीर काही वर्षांनी गेली, तर त्या दिवशी कोणाच्या हातात कोणता मार्कर होता हे कोण सांगणार? म्हणून बंदोबस्त आधीच करायचा.

उष्णतारोधक वेष्टनाचे उदाहरण यात फार बोलके आहे. वेष्टन कोरडे असेतो निरुपद्रवी असते. कुठे पाणी गळले आणि ते भिजले की त्यातले क्षार पाण्याबरोबर सुटून गरम नळावर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच साचत राहतात. म्हणून वेष्टनाचा नमुना शुद्ध पाण्यात उकळून त्या पाण्यात क्लोराइड, फ्लोराइड, सोडियम आणि सिलिकेट किती उतरले ते मोजतात. यातली पहिली दोन घातक, दुसरी दोन त्यांना आवर घालणारी. तेव्हा दोन्हींचे प्रमाण जुळले पाहिजे. अमेरिकेच्या अणु नियामकांनी यावर १९७३ सालीच मार्गदर्शिका काढली. लाल द्रवाचीही परीक्षा कष्टाचीच असते: नमुना पोलादी बंद भांड्यात प्राणवायूच्या दाबाखाली जाळायचा, निघालेले वायू द्रावणात शोषून घ्यायचे आणि मग मोजमाप करायचे. हे काम हातात कला आणि डोक्यात शिस्त असलेल्या माणसाचे आहे. शिक्के मारणाऱ्याचे नाही.

आता आपल्या देशातली हकिकत. गुजरातेत व्यारा गावाजवळ काकरापार अणुवीज केंद्र आहे. ताप्ती लाइनवर काम केलेल्या नंदुरबार-भुसावळकडच्या बांधवांना व्यारा स्टेशन नवे नाही. या केंद्रातली पहिली दोन युनिटे २२० मेगावॉटची, १९९३ आणि १९९५ साली सुरू झालेली. अशा प्रत्येक अणुभट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. त्यांत इंधन असते आणि त्यांतून तापलेले जड पाणी मोठ्या दाबाने वाहते. नळी झिर्कोनियम आणि नायोबियम यांच्या मिश्रधातूची. तिच्याभोवती दुसरी नळी असते आणि दोहोंमधल्या फटीत कार्बन डायऑक्साइड वायू खेळवलेला असतो. त्या वायूचे काम दुहेरी: आतली उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही आणि आतली नळी गळू लागली तर त्या ओलाव्याची खबर द्यायची. म्हणजे हा वायू तिथे पहारेकऱ्यासारखा बसवलेला.

जुलै २०१५ मध्ये दुसऱ्या युनिटची एक नळी गळू लागली आणि ते बंद करावे लागले. ११ मार्च २०१६ रोजी सकाळी पहिल्या युनिटची नळी फुटून जड पाणी गळू लागले. अणुभट्टी आपोआप बंद पडली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. बाहेर मर्यादेपलीकडे किरणोत्सर्ग गेला नाही, असे अणुऊर्जा नियामक मंडळाने सांगितले. ती बाजू तिथल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी नेटाने सांभाळली, याबद्दल त्यांना आमचा सलाम. पण लक्षात घ्या, पहिल्या युनिटच्या सगळ्या नळ्या बदलून ते २०११ साली पुन्हा चालू झाले होते. जी नळी दोन-तीन दशके टिकायची तिने पाच वर्षांत मान टाकली.

नळ्या बाहेर काढून पाहिल्या तेव्हा त्यांच्या बाहेरच्या अंगावर गंजाच्या गाठी दिसल्या. नळीच्या आतून जड पाणी, इंधन, दाब, उष्णता, सगळे धोके आत. आणि गंज चढला बाहेरून, त्या निरुपद्रवी समजल्या गेलेल्या वायूच्या बाजूने. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोकार्बनची भेसळ होती. हायड्रोकार्बन म्हणजे खनिज तेलाच्या कुळातली द्रव्ये. प्रमाण अल्प, पण वर्षानुवर्षे गरम नळीला तोच वायू लागत राहिला. शेवटी दोन्ही युनिटांतल्या सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या. दुसरे युनिट २०१८ साली सुरू झाले, पहिले २०१९ साली. तीन-तीन वर्षे वीज बंद आणि भट्टीच्या तोंडाशी उभे राहून नळ्या बदलण्याचे काम माणसांनी केले. ते काम किरणोत्सर्गाच्या जागी होते. प्रत्येकाच्या अंगावरचा मोजणीचा बिल्ला त्याचा हिशेब ठेवत होता.

कार्बन डायऑक्साइड ही वस्तू त्या केंद्रात मान्य होतीच. सोडावॉटरमध्ये असतो तोच हा वायू, त्याला कोण भिणार? नाव मान्य होते. नळकांड्यातून येणाऱ्या मालात नावापलीकडे आणखी काय आहे, हा प्रश्न नळ्या फुटल्यावर सोडवला गेला. कोणा एका माणसावर किंवा पुरवठादारावर बोट ठेवायला आम्ही चौकशी अधिकारी नाही. पण ही गोष्ट आपल्या खात्यात अगदी अशीच घडताना आम्ही पाहिली आहे, म्हणून बोलतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डेपोत, नाव सांगत नाही, गाडीच्या दिव्यांच्या बॅटऱ्या एकामागून एक बसू लागल्या. बॅटरीत पाणी भरणाऱ्या दोन बांधवांना मेमो मिळाला, मग चार्जशीट. आरोप असा की त्यांनी डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचे पाणी घातले. ते दोघे सांगत राहिले, साहेब, स्टोअरने दिलेल्या कॅनमधलेच घातले. कॅनवर मान्यताप्राप्त पुरवठादाराचे लेबल होते, त्यामुळे कॅन निर्दोष आणि माणूस दोषी. तेव्हा शाखेतर्फे आम्ही न उघडलेला एक कॅन मागून घेतला आणि दुसऱ्या डिव्हिजनच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टकडे नेला. त्याने काचेच्या नळीत ते पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले. शुद्ध पाणी तसेच स्वच्छ राहते. हे पाणी ताकासारखे पांढरे झाले. क्लोराइड! तेवढ्या चार थेंबांनी दोघांची नोकरी वाचली. आपल्याच डेपोच्या प्रयोगशाळेत हे का झाले नाही? कारण तिथली केमिस्टची जागा दोन वर्षे रिकामी होती आणि 'पुरवठादार मान्यताप्राप्त आहे, दर लॉट तपासायची गरज नाही' असा शेरा फाइलीत होता.

त्या दोघांपैकी एकजण आता सेवानिवृत्त आहे. भेटला की अजून म्हणतो, "दादा, ते पाणी पांढरे झाले नसते तर?" आम्हाला उत्तर देता येत नाही.

व्यवस्थापनाचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. दर लॉट तपासायला वेळ लागतो, पैसा लागतो, गाड्या खोळंबतात. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. डब्याच्या दाराला घालायच्या तेलाला अणुभट्टीचे नियम लावा, असे म्हणणारा आमच्यात कोणी नाही. पण जिथे वस्तू बिघडली तर माणूस मरतो किंवा माणसाची नोकरी जाते, तिथे लॉटची तपासणी हवीच. ब्रेकचा भाग, ॲक्सल तपासायचे द्रव, इंजिन थंड ठेवायचे पाणी, बॅटरीचे पाणी, वंगण, ही यादी काही लांबलचक नाही. उलट अलीकडे चाल अशी दिसते की पुरवठादाराने स्वतःच स्वतःच्या मालाचा दाखला द्यायचा, आपण तो फाइलला लावायचा आणि प्रयोगशाळेतली पदे 'सरेंडर' करायची. उरलेली तपासणी कंत्राटाने. कंत्राटी तपासनिसाचे कंत्राट दर वर्षी नवे व्हायचे असते. एखादा लॉट नापास करताना त्याचा हात थरथरतो की नाही, तुम्हीच सांगा.

काही जण म्हणतील, अणुवीज केंद्राचा विषय मोठ्यांचा, त्यात रेल्वे युनियनने का पडावे? भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाला कळवण्याचा हक्क कामगाराला कलमात लिहून मिळाला. त्यासाठी हजारो माणसांना जीव द्यावा लागला होता. पण ज्याला लॉट नंबरही दाखवला जात नाही त्याने धोका ओळखावा कशावरून? वस्तूला हात लावणाऱ्याला तिचा दाखला पाहायला मिळाला पाहिजे, मग तो अणुवीज केंद्रातला फिटर असो, शेडमधला खलाशी असो की सॉर्टिंगमधला बांधव.

पुढल्या पी. एन. एम. बैठकीसाठी आम्ही तीन मुद्दे देत आहोत. सुरक्षेशी संबंधित मालाच्या प्रत्येक लॉटचा चाचणी-दाखला स्टोअरच्या खिडकीवर लावावा. प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागा कायम भरतीने भराव्यात. आणि माल तपासल्याशिवाय तो वापरणाऱ्या कामगारावर चार्जशीट काढू नये. शाखा सचिवांनी आपापल्या स्टोअरमध्ये जाऊन ज्या डब्यांवर, कॅनवर, नळकांड्यांवर बॅच नंबर नाही त्यांची यादी करावी, शक्य असेल तिथे एक डबा न उघडता बाजूला ठेवावा, आणि ती यादी महिनाअखेरपर्यंत कार्यालयाकडे पाठवावी.