तीन दिवस मी म्हणत राहिले, पित्त झालंय

गेल्या महाशिवरात्रीला हिमायतनगरात परमेश्वराची यात्रा भरली होती. गर्दीचा गलका घरापर्यंत येत होता आणि मी न्हाणीघरात भिंतीला कपाळ टेकवून उभी होते. उजव्या बरगडीखाली कळ उठायची, ती पाठीतून खांद्यापर्यंत जायची. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "काय होतंय गं?" मी म्हटलं, "काही नाही, पित्त झालंय."

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४४. त्याच्या पाच महिने आधी हैदराबादला जाऊन वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तिला स्लीव्ह म्हणतात. जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात, केळ्याएवढी नळी उरते. वजन ११८ किलो होतं, इन्सुलिन घेऊनही साखर हटत नव्हती, झोपेत श्वास अडकायचा. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेलं दोन वेळचं जेवण मी दीड वर्ष नेमानं पाळलं. १४ किलो उतरले, आईच्या आजारपणात सगळे परत चढले. तरी गावात एकच वाक्य फिरलं, "चालायचा कंटाळा, म्हणून पोट कापून आली."

हे वाक्य इतकं रुतलं होतं की कळ आली तेव्हा दुखण्याची भीती नंतर वाटली. आधी वाटलं, लोक म्हणतील, हातानं ओढवून घेतलं. म्हणून तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी हजेरी घेताना तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमचे डोळे पिवळे कामून झालेत?"

सासूबाई कावीळ उतरवणाऱ्याकडं न्यायला निघाल्या होत्या. नवऱ्यानं ऐकलं नाही, भोकरमार्गे थेट नांदेड गाठलं. पित्ताशयातला खडा पित्तनळीत अडकला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती. दुर्बिणीनं खडा काढला, मग काही दिवसांनी पित्ताशयही काढलं. अकरा दिवस दवाखान्यात गेले.

वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं. खाणं कमी असल्यामुळं पित्ताशय नीट आकसत नाही, पित्त साचून राहतं आणि खडे धरतात. हे टाळायला सहा महिने घ्यायची गोळी आहे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांपैकी खोटी गोळी घेणाऱ्या ३२ टक्के लोकांना सहा महिन्यांत खडे झाले. रोज ६०० मिलिग्रॅम खरी गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २ टक्के होतं. माझी गोळी दुसऱ्या महिन्यात संपली. इथल्या मेडिकलमध्ये मिळाली नाही, आणि बरं वाटत होतं म्हणून मीही पाठपुरावा केला नाही. सहा महिन्यांची सूचना इंग्रजी कागदाच्या चौथ्या पानावर होती.

दुसरं आजारपण पहिल्यापेक्षा जड गेलं. पहिल्या वेळी, म्हणजे स्लीव्हच्या वेळी, निर्णय माझा होता, या वेळी शरीरानं मला विचारलंच नव्हतं. खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं पेज मोजून घ्यायची, एक टोपण संपवायला पंधरा मिनिटं लागायची. केस मुठीनं गळत होते. एका रात्री नवऱ्याला म्हटलं, मला माझं जुनं पोट परत पाहिजे. तो काही बोलला नाही, पाठीवर हात ठेवून बसून राहिला. शाळेतल्या एक मॅडम रोज संध्याकाळी यायच्या. "कायला केलंस गं हे?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. शेजारी बसून माझे पेपर तपासायच्या. मला सावरायला त्या तपासलेल्या पेपरांनी जेवढी मदत केली, तेवढी कुठल्याच उपदेशानं केली नाही.

नितीन गडकरींनी २०११ साली वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी २०१४ साली मधुमेहापायी. जेटलींना त्यानंतर एम्समध्ये दाखल व्हावं लागलं. देशाच्या अर्थमंत्र्याला त्रास झाला तर आपण त्याला आजार म्हणतो, मग तालुक्याच्या बाईला झाला की तो तिच्या आळसाचा दंड कसा होतो?

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत गंभीर आजार असतील, तर आता विम्यातही ही शस्त्रक्रिया बसू शकते. आमच्या भागातून जाणारे वाढणारच. पण शस्त्रक्रिया शहरात होते आणि दुखणं गावात उठतं. रुग्ण घरी निघताना त्याच्या हातात मराठी कागद हवा, गोळ्यांचा पूर्ण हिशेब हवा. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना या रुग्णाचं काय बिघडू शकतं ते लेखी कळवलेलं हवं. यात फार पैसा लागत नाही, आणि त्यासाठी मी शांत बसणार नाही.

तोवर तो कागद मीच मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवलाय. उजव्या कुशीत कळ, न थांबणारी उलटी, थंडीताप, पिवळे डोळे, गडद लघवी: यातलं काहीही दिसलं तर लगेच निघायचं. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी नातवाकडून तो वाचून घेऊन पाठ केलाय. रोज सकाळी मला अंगणात उजेडाकडं तोंड करून उभं करतात आणि खालची पापणी बोटानं ओढून बघतात.