तिसऱ्या चाकाचे शिक्षण

जालना जिल्ह्याच्या वाहतुकीचा मोठा भार तीन चाकांवर आहे. भोकरदन नाका, अंबड चौफुली, मोंढा, रेल्वे स्थानक या ठिकाणांहून निघणाऱ्या रिक्षा आणि आपे शहराच्या गल्लीबोळांत जशा फिरतात, तशाच त्या बदनापूर, परतूर, मंठा, जाफराबाद या तालुक्यांतील खेड्यांच्या फाट्यांपर्यंतही जातात. एसटीची फेरी चुकलेला विद्यार्थी, कापूस वेचणीला निघालेल्या बायका, बाजारात मोसंबीचे क्रेट पोहोचविणारा शेतकरी आणि राजूरच्या गणपतीला चतुर्थीसाठी निघालेला भाविक या सर्वांना हेच वाहन परवडते. एवढ्या माणसांचा जीव ज्याच्या हाती असतो, तो रिक्षाचालक वाहन चालवायला शिकला कोठे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर साधे आहे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे आहे. तो मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या रिक्षावर, रात्री रस्ता मोकळा झाल्यावर किंवा एखाद्या मोकळ्या मैदानावर शिकतो. ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे मोटार, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की, रिक्षासाठी शिकवणी लावायची ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटेल. मोटार शिकविणाऱ्याच्या पायाखाली ब्रेकचे जादा पेडल असते. रिक्षात शिकविणाऱ्याला हँडलवर झडप घालण्यापलीकडे काही करता येत नाही. ज्याला मोटारसायकल येते त्याला रिक्षा येतेच, असा सार्वत्रिक समज आहे. हँडल तेच, क्लच डाव्या हाताला, अॅक्सिलरेटर उजव्या हाताला. गिअर काय तो डाव्या मुठीने फिरवायचा. मग शिकायचे राहिले काय?

शिकायचे राहते ते नेमके जिवावर बेतणारे. मोटारसायकल वळणावर झुकते आणि स्वार तिच्याबरोबर झुकतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने हा तोल शरीरात मुरलेला असतो. रिक्षा झुकत नाही. तिला हँडलनेच वळवावे लागते आणि वळताना ती चालकाला व प्रवाशांना बाहेरच्या बाजूला फेकते. शिवाय दुचाकीवर तोल गेला की, पाय टेकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया होते. कलंडू पाहणाऱ्या रिक्षातून पाय बाहेर काढणे म्हणजे तो वाहनाखाली देणे. म्हणजे दुचाकीचा अनुभव येथे निम्मा उपयोगी पडतो आणि उरलेला निम्मा आड येतो.

घरातल्या तिपाईचे उदाहरण घेतले, तर यातील शास्त्र स्पष्ट होते. तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, पण दोन पायांच्या मधल्या कडेवर भार पडला की चटकन कलंडते. मोटारीचा आधार चौकोनी असतो, रिक्षाचा त्रिकोणी आणि त्या त्रिकोणाचे टोक पुढे असते. नेहमीच्या प्रवासी रिक्षाची रुंदी सुमारे १.३ मीटर आणि उंची सुमारे १.७ मीटर, म्हणजे ती रुंदीपेक्षा उंच. वेगात वळण घेताना सारा भार बाहेरच्या बाजूला सरकतो. त्याच क्षणी चालकाने ब्रेक दाबला, तर तो पुढेही सरकतो. त्रिकोण तेथेच सर्वांत अरुंद असल्याने आतल्या बाजूचे मागचे चाक जमीन सोडते. मोटार चालविणारा घाबरून वळणावर ब्रेक दाबतो, तेव्हा बहुधा फक्त टायर किंचाळतात. रिक्षात तीच चूक वाहन उलटवू शकते. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे, हा तीनचाकीचा पहिला धडा आहे. चाक उचललेच, तर आणखी ब्रेक न दाबता हँडल सरळ करावे, हा दुसरा. हे दोन्ही धडे वाचून येत नाहीत, रिकाम्या मैदानावर मंद वेगात पुन्हा पुन्हा गिरवावे लागतात.

याच त्रिकोणामुळे चालकाच्या शेजारी प्रवासी बसविण्याची प्रथा दिसते त्यापेक्षा किती तरी अधिक धोक्याची ठरते. 'फ्रंट सीट'वर बसलेला माणूस केवळ जादा वजन नसतो. तो वजन नेमक्या अरुंद टोकाकडे नेतो आणि त्याचे कोपर हँडलच्या आड येते ते वेगळेच. चालकाच्या नियंत्रणात अडथळा येईल अशा रीतीने कोणासही बसू देऊ नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२५ वे कलम सांगते. कायदा आहे, दंडही होतो. पण दंड भरणाऱ्याला तो पोलिसांचा हप्ता वाटतो, पदार्थविज्ञान वाटत नाही. कारण ते त्याला कोणी समजावूनच सांगितलेले नसते. मालवाहू तीनचाकीची तऱ्हा आणखी निराळी. कापसाचे वजन फार नसले तरी ढीग उंच होतो. क्रेट एकदम मागे रचले, तर चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल फिरवूनही वाहन वळत नाही. रिकाम्या रिक्षावर हात बसलेला नवशिका भरलेल्या रिक्षात पुन्हा नवशिकाच असतो.

आणि मग रस्ते. मोटार चालविणारा रस्त्याच्या मधला खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जातो. दुचाकीस्वार तो बाजूने चुकवितो. रिक्षाला ही चैन नाही. तिची तीन चाके तीन निरनिराळ्या रेषांवरून धावतात, त्यामुळे पुढचे चाक वाचविले की मागचे एक सापडते. खड्डा चुकविण्यासाठी ऐन वेळी दिलेला हिसका हे वाहन उलटण्याचे आणखी एक निमित्त. जिल्ह्यात काळ्या मातीच्या शिवारातून जाणारे अरुंद रस्ते, पावसाळ्यात खचलेल्या साईडपट्ट्या आणि रस्त्याला लागून असलेल्या विहिरी यांचा विचार केला, तर अशा हिसक्याची किंमत कळते. १८ जुलै २०२४ रोजी पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांना घेऊन राजूरकडे निघालेली काळी-पिवळी जीप तुपेवाडीजवळ रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली आणि सात जणांचा बळी गेला. ती जीप चारचाकी होती. तीनचाकीच्या स्थैर्याचा त्या अपघाताशी संबंध नाही. पण रस्ता सोडून थोडेसे बाहेर गेलेल्या वाहनाला या भागात काय वाट्याला येऊ शकते, हे त्या दिवशी दिसले.

रिक्षाचालकांच्या बेशिस्तीवर शहरी वाचक नेहमीच तोंडसुख घेतो आणि त्यात तथ्यही असते. परंतु बेशिस्त आणि अशिक्षितपणा यांची गल्लत करून चालणार नाही. कारण या बाबतीत कायदाच गोंधळलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या कलमात लायसन्सचे जे वर्ग दिले आहेत, त्यांत विनागिअर मोटारसायकल आहे, गिअरची मोटारसायकल आहे, अपंगांचे वाहन आहे, हलके मोटार वाहन आहे, अगदी रोडरोलरही आहे. तीनचाकी हा स्वतंत्र वर्ग नाही. परिवहन कार्यालये लायसन्सवर तीनचाकीची नोंद करतात, ती व्यवहाराची सोय म्हणून. कायद्याच्या दृष्टीने रिक्षा म्हणजे हलके मोटार वाहन, म्हणजे मोटारीचेच भावंड. गमतीचा भाग असा की, साईडकार जोडलेली मोटारसायकल तीन चाकांवर धावत असली, तरी कायद्याच्या व्याख्येत ती मोटारसायकलच राहते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात दिलेल्या निकालाने हे नाते अधिक घट्ट झाले. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतचे प्रवासी किंवा मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालविता येईल, असे या निकालाने ठरले. विमा कंपन्या केवळ लायसन्सवरील नोंदीचे निमित्त करून अपघातग्रस्तांची भरपाई अडवीत होत्या, हे पाहता निकाल न्याय्यच म्हणावा लागेल. परंतु त्याचा एक अर्थ असाही होतो की, मोटारीवर परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेला माणूस कायद्याच्या लेखी तीनचाकी चालविण्यास पात्र आहे. प्रवासी वाहतुकीसाठी बॅज लागतो हे खरे. पण बॅज चालकाची ओळख आणि चारित्र्य तपासतो, त्याचे वळण तपासत नाही.

याच निकालाने ई-रिक्षाच्या विशेष अटी मात्र कायम ठेवल्या आणि येथे खरी विसंगती दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ई-रिक्षांवर बंदी घातली, तेव्हा केंद्र सरकारने घाईघाईने नियम केले. त्यांतील ८-अ क्रमांकाच्या नियमानुसार ई-रिक्षाचे लायसन्स मागणाऱ्याला किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र सादर करावे लागते. ज्या वाहनाचा वेग ताशी २५ किलोमीटरपुरता मर्यादित आहे आणि ज्यात चारच प्रवासी बसतात, त्याला खास प्रशिक्षण सक्तीचे. आणि त्याच्या दुप्पट वेगाने भरधाव जाणाऱ्या पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या तीनचाकीसाठी असे तीनचाकीपुरते वेगळे प्रशिक्षण नाही! बरे, ई-रिक्षाचे ते प्रमाणपत्र देणार कोण, तर वाहनाचा उत्पादक किंवा नोंदणीकृत ई-रिक्षा संघटना. विक्रेत्यानेच ग्राहकाला उत्तीर्ण करायचे, अशी ही परीक्षा आहे. नियम चांगला असूनही त्याचा कागद होण्याची सोय नियमातच आहे.

उत्पादकांवर जबाबदारी टाकूच नये, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत १९८० च्या दशकात माळरानावर चालविण्याच्या तीनचाकी मोटारसायकली लोकप्रिय झाल्या आणि त्या उलटून मुले व तरुण मोठ्या संख्येने दगावू लागले. तेथील ग्राहक सुरक्षा आयोग न्यायालयात गेला. १९८८ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबविली आणि त्यांची जागा घेणाऱ्या चारचाकी वाहनांच्या खरेदीदारांना मोफत प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्याचे मान्य केले. भारतात तीनचाकी बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती कोट्यवधींची गरज आहे. पण विक्रीबरोबर प्रशिक्षण, हे तत्त्व आपल्याकडे का येऊ नये? देशातील तीनचाकींचे मोठे कारखाने महाराष्ट्रातच, वाळूज आणि बारामतीत आहेत. त्यांतील वाळूज तर जालन्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे.

राज्य सरकारपुढेही हा प्रश्न नव्याने उभा आहे. २०१७ मध्ये रिक्षा परमिटवरील संख्येची मर्यादा उठविल्यानंतर या व्यवसायात येणाऱ्या तरुणांची संख्या वाढली. त्यानंतर महिलांसाठी गुलाबी ई-रिक्षा योजना आली. तिच्यात वाहनाच्या किमतीचा २० टक्के वाटा सरकारचा, १० टक्के लाभार्थीचा आणि ७० टक्के बँकेच्या कर्जाचा आहे. सुरुवातीच्या शहरांत शेजारचे छत्रपती संभाजीनगर आहे. या योजनेत प्रशिक्षणाचा विचार झाला ही स्वागतार्ह बाब. मुळात जिने पूर्वी दुचाकीही चालविलेली नाही, अशी स्त्री शिकविल्यास पुष्कळदा अधिक सुरक्षित चालक होऊ शकते, कारण तिला चुकीच्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. मग हीच सोय जालन्याच्या मोंढ्यात हमाली सोडून आपे घेणाऱ्या तरुणाला का नसावी?

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या एखाद्या संस्थेचे आवार, काही खांब, वाळूची पोती आणि बऱ्यापैकी अनुभवी दोन-तीन चालक एवढ्यावर भागते. पहिले काही दिवस रिकामे वाहन, नंतर पोती भरून तेच वळण, तोच चढ, तोच रिव्हर्स. केंद्रीय नियमांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परिवहन वाहनासाठी किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष चालविण्याचे पंधरा तास सांगितलेलेच आहेत. ते तास तीनचाकीवरच व्हावेत, एवढीच मागणी आहे.

अडचण वेगळीच आहे. रिक्षा बहुधा कर्जावर घेतली जाते आणि वाहन दारात उभे राहिले की हप्त्याचे दिवस मोजणे सुरू होते. पंधरा दिवस मैदानावर गोल फिरण्यात घालविले, तर त्या दिवसांची कमाई कोण देणार, असे नवा चालक विचारतो आणि ते रास्तच आहे. पहिला हप्ता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर महिनाभराने सुरू करावा, एवढी एक ओळ कर्जाच्या करारात घालणे बँकांना आणि वित्तसंस्थांना अवघड नाही. तशी ती घालण्याची सूचना अद्याप कोणी केलेली दिसत नाही.