इंच नाही, ओहम विचारा!

बेस गिटारवाल्यांचा एक फंडा असतो. आवाज फाटायला लागला की अख्खं कॅबिनेटच बदलून टाकायचं! माझा एक मित्रही त्याचं जुनं ॲम्पेग एट-बाय-टेन असंच विकायला निघाला होता. 1969 मध्ये एसव्हीटी ॲम्पसोबत आलेल्या डिझाइनचं हे फ्रिजएवढं धूड. तसा आवाज पुन्हा मिळवायचा तर खिसा रिकामा!

म्हटलं, थांब बॉस, आधी बघू तरी. ॲम्प बंद केला, जाळी काढली आणि एकेका स्पीकरचा कोन सगळ्या बाजूंनी सारखा जोर देत हलकेच आत दाबला. सात जण गुपचूप आत गेले. आठवा खरखरला. वर्षानुवर्षं धडाधडा वाजून त्याची व्हॉइस कॉइल घासायला लागली होती.

‘मग नवा दहा इंची टाकू, त्यात काय!’ इति मित्र. खरी गोची इथेच आहे. यातले आठही स्पीकर 32 ओहमचे, पॅरलल जोडलेले. मिळून होतात 4 ओहम. त्यात 8 ओहमचा एक घुसवला, की एकूण आकडा 3 च्याही खाली. ॲम्पची वाट लागू शकते. शिवाय हा नवा पाहुणा इतरांच्या चौपट पॉवर खाणार, म्हणजे आधी तोच जळायची भीती.

त्यापेक्षा जुन्याचंच रीकोनिंग करून घ्या. मॅग्नेट आणि सांगाडा तोच, कोन आणि कॉइल नवी. फक्त दुकानात ठणकावून सांगा : 32 ओहमचीच हवी!